पोटॅशियमच्या मिठाबद्दल राहून गेलेली ओळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रक्तदाबाच्या रुग्णांनी नेहमीच्या मिठाऐवजी 'लो सोडियम' (सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं) मीठ वापरावं, असा सल्ला आपल्या आरोग्य पुरवणीत आला होता. बऱ्याच जणांना तो लागूही पडेल. पण त्यातली एक ओळ राहून गेली, आणि आमच्या घरी ती फार महागात पडता पडता राहिली.

माझे मोठे बंधू सहा वर्षांपासून टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी घेतात, क्रिएटिनिनही वाढलेलं आहे, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय. वहिनींनी ते कात्रण मिठाच्या डब्यावर चिकटवलं, तालुक्याहून तसं मीठ मागवलं, आणि वरणापासून ठेच्यापर्यंत सगळ्यात तेच. महिनाभरात दादांच्या पायांतलं बळच गेलं. ऊन लागलं असेल म्हणून आम्ही वरून शहाळ्याचं पाणी पाजलं! (त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मला तरी आठवायला हवं होतं.) रक्त तपासलं तर पोटॅशियम 6.3. एरवी ते साधारण 3.5 ते 5 असतं. "बीपीवाल्याले चांगलं म्हणून पेपरात आलं होतं जी, म्हणून आणलं," वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं?

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. किडनीचा धडा आला की फळ्यावर चहाची गाळणी काढायचो. आता वाटतं, ती गाळणी पोरांच्या डोक्यात जरा जास्तच पक्की बसली. किडनी नुसती गाळत नाही. किडनीत रक्त ज्या बारीक नळीतून गाळायला येतं, तिच्या भिंतीतल्या काही पेशी रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतात. 1898 मध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांना ते सशाच्या किडनीच्या अर्कात सापडलं. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होतं. ते रक्तदाब चढवतं आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकतं.

यात कॅल्शियमचं वागणं मोठं मजेशीर आहे. बहुतेक ग्रंथींत पेशीत कॅल्शियम शिरलं की स्राव सुटतो, इन्सुलिनचंही तसंच. रेनिनच्या पेशीत मात्र उलटं: कॅल्शियम वाढलं की रेनिन थांबतं. अँजिओटेन्सिन या पेशींतलं कॅल्शियम वाढवतं, म्हणजे रेनिनमुळे जे तयार झालं तेच रेनिनला आवर घालतं. रक्तात पोटॅशियम वाढलं तरी रेनिन उतरतं. पण तेच पोटॅशियम अधिवृक्क ग्रंथीच्या पेशीत कॅल्शियमची दारं उघडतं आणि तिथे अल्डोस्टेरॉन वाढतं. जास्तीचं पोटॅशियम बाहेर काढायची शरीराची ही सोयच आहे.

दादांची ही सोय दोन्हीकडून अडली होती. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचा हुकूम अडवतं, त्यामुळे अल्डोस्टेरॉन कमी पडतं. किडनी थकलेली, म्हणून पोटॅशियम बाहेर जाईना. आणि 'लो सोडियम' मिठात सोडियम काढून घातलेलं असतं ते पोटॅशियम क्लोराइडच! गोळी वाईट नाही, दादांची आजही चालू आहे. पण तिच्यासोबत हे मीठ नको होतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये असं मीठ सुचवलं, तेव्हा किडनीचे रुग्ण, गरोदर बाया आणि लहान मुलं यांना वगळलं होतं. आपल्या लेखात नेमकं हेच नव्हतं.

आता वहिनी बटाटा, पालक चिरून भरपूर पाण्यात उकळतात आणि ते पाणी परसातल्या कढीपत्त्याला घालतात. पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं, असं त्यांना दवाखान्यात सांगितलं. दादांना तशी भाजी बेचव लागते, पण खातात.

आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या या भागात, किडनीचा रुग्ण नाही असं गाव मला तरी माहीत नाही. तेव्हा पुढच्या पुरवणीत चौकट करून ठळक छापा: किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अक्षर जरा मोठं ठेवा, वहिनींना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. डब्यावरची जुन्या कात्रणाची जागा रिकामीच आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. दर्यापूर, जि. अमरावती