लस एकाने घ्यायची, वाचणार शेजारी

मा. संपादक,

पावसाळा आला की आपल्याकडे मलेरियाच्या बातम्या फॉगिंग आणि बिल्डरला दंड याच्या पुढे जात नाहीत. गोव्यात आमच्या पर्वरीत शेजारच्याच साईटवर स्लॅबच्या क्युरिंगच्या पाण्यात वाकून बघा, पाण्याला लागून आडव्या पडलेल्या अ‍ॅनोफिलीसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या, अळ्या दिसतील. ते पाणी हटवायलाच हवं, पण मलेरियाच्या परजीवीला लशीने डासाच्या पोटातही अडवता येतं हे कोणी सांगतच नाही, म्हणून लिहितोय.

पेशंटच्या रक्तात परजीवीची नर-मादी रूपं असतात, ती आपल्या अंगात नुसती थांबून राहतात. डासाच्या मादीने रक्त ओढलं की तिच्या पोटातल्या गारव्याने ती जागी होतात आणि पंधरावीस मिनिटांत एकेका नरातून ८ वळवळणाऱ्या पेशी सुटतात, मादीपेशी शोधायला. पण माणसाने लस घेतलेली असेल तर त्याच रक्ताबरोबर त्याच्या अँटीबॉडीजही पोटात गेलेल्या असतात. पीएफएस २३० आणि पीएफएस ४८/४५ या परजीवीवरच्या प्रोटीन्सना त्या चिकटल्या की मीलनच होत नाही, आणि झालंच तर पीएफएस २५ वरच्या अँटीबॉडीज परजीवीच्या पुढच्या टप्प्याला, पोटाची भिंत पार करायच्या आधी गाठतात. रोनाल्ड रॉसला १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटावर परजीवीच्या ज्या गाठी दिसल्या त्या मग धरतच नाहीत, असा डास कितीही जणांना चावू दे!

अशी लस घेणाऱ्याला स्वतःला ताप येऊ शकतो, वाचतात ते आजूबाजूचे. लोक म्हणतील मग मी का टोचून घेऊ? म्हणूनच आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) अ‍ॅडफाल्सीव्हॅक लशीमध्ये घेणाऱ्याचं संरक्षण आणि प्रसार रोखणं दोन्ही एकत्र केलंय, हे मला फार पटलं. ती अजून बाजारात नाही, आणि ती मलेरियाच्या फाल्सिपॅरम या परजीवीसाठी आहे. गोव्याला छळलं ते मुख्यतः व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीने, ज्याची नर-मादी रूपं ताप चढतो तेव्हाच रक्तात हजर असतात, म्हणजे औषध सुरू होईपर्यंत डास ती घेऊन गेलेलाही असतो. आधीपासून रक्तात असलेल्या अँटीबॉडीजची खरी गरज इथेच आहे.

पणजीत मलेरिया संशोधनाचं केंद्र कित्येक वर्षं आहे. सरकारने त्यांच्यामार्फत व्हायव्हॅक्सवरच्या अशा लसीसाठी पाठपुरावा करावा आणि साईटवर कामगारांची मलेरिया तपासणीची हेल्थ कार्ड बघायला जाणाऱ्यांनी कामगारांना हे त्यांच्या भाषेत समजवावं, व्हायव्हॅक्सवरचं १४ दिवसांचं प्रायमाक्विन हे औषध अर्ध्यावर सोडू नका हेही त्याच वेळी सांगावं.

– एक वाचक, पर्वरी