एक वर्ष झालं की जाऊ द्या त्यांना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या आयसीयूत २१ वर्षं नर्स आहे, आता इन्चार्ज. आमच्या वॉर्डात एक मुलगी आहे, अंबाजोगाईकडची, कात्रजला तिघीजणी मिळून रूम घेऊन राहतात. बी.एस्सी. नर्सिंग झालं आणि लगेच आमच्याकडं लागली, आता ११ महिने होतील. परवा चेंजिंग रूममध्ये तिनं सहज सांगितलं की ताई वर्ष झालं की मी नर्स प्रॅक्टिशनरचा फॉर्म भरणार. झालं, सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. काल आली नि आज प्रॅक्टिशनर होणार, आधी पाच-सात वर्षं नाईट कर, घास, मग बघ. तिकडून वडिलांचा फोन की कुठंतरी परमनंट हो, शिकायचं नंतर बघू. पोरगी गप्प बसली. मला ते काही बघवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा कोर्स आहे, पोस्ट ग्रॅज्युएट, २ वर्षांचा आणि रेसिडेन्सी, म्हणजे वर्गात बसून नोट्स लिहिणं थोडं आणि बाकी सगळा वेळ आयसीयूत पेशंटजवळ. त्याला बी.एस्सी. नर्सिंग, रजिस्ट्रेशन आणि किमान १ वर्ष कामाचा अनुभव लागतो, तो क्रिटिकल केअरमधला असेल तर उत्तम. किमान १ वर्ष, पाच नाही नि सात नाही. शिकून बाहेर पडलेली नर्स हॉस्पिटलच्या ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये राहून तपासण्या सांगू शकते, काही औषधं स्वतः सुरू करू शकते, आणि त्याची जबाबदारी पण तिचीच. बाळंतपणासाठी मिडवाइफरीचा वेगळा कोर्स आहे, तो १८ महिन्यांचा. आता हिशोब करा, बारावीनंतर ४ वर्षं, मग १, मग २. म्हणजे पंचविशीत पोरगी तयार.

आणि तेच वय महत्त्वाचं आहे हो. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे डिप्लोमावाल्यांसाठीची डिग्री, करायचं नक्की ठरवलं होतं, २ वर्षांचंच होतं ते. आधी म्हटलं जरा अनुभव घेऊ, मग लग्न झालं, मग मुलगा झाला, मग वारज्याला फ्लॅट घेतला त्याचे हप्ते, आणि शिकायला जायचं तर नोकरी सोडावी लागणार होती, बिनपगारी २ वर्षं कोण काढणार घरात. दरवर्षी जूनमध्ये फॉर्म आणायचे, एक वर्ष तर भरून पण ठेवला होता, कपाटात राहिला तो तसाच. माझ्या बॅचच्या किती जणींचं असंच झालंय. आम्हाला कुणीच सांगितलं नाही की बाई आत्ताच जा, अभ्यासाची सवय आहे तोवर जा. सगळ्यांनी थांब म्हणूनच सांगितलं, आणि आता आम्हीच पुढच्या पोरींना थांब म्हणतोय.

अनुभव नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर १९६५ साली सुरू झाल्या, कोलोरॅडो विद्यापीठात, लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या मुलांच्या डॉक्टरांनी मिळून तो कोर्स काढला, आणि त्या पहिल्या नर्सेस आधी कामावर असलेल्याच होत्या. आता तिथं असे पण कोर्स आहेत की इतिहास किंवा कॉमर्सची डिग्री घेतलेला माणूस नर्सिंगला येतो आणि मध्ये नोकरी न करता सलग प्रॅक्टिशनरपर्यंत जातो. त्यावर तिथल्या नर्सेसमध्येही वाद आहेच. मला ते सलग जाणं पटत नाही, आपल्याकडं १ वर्षाची अट आहे ती राहायलाच हवी. पण ते वर्ष नुसतं संपवायला नको, त्यात काय केलं ते महत्त्वाचं.

या मुलीचंच सांगते. मागच्या महिन्यात नाईटला ७ नंबर बेडवर एक आजोबा होते, ऑपरेशनचा तिसरा दिवस. मॉनिटरवर श्वास मिनिटाला १८ दाखवत होता, ऑक्सिजन ९६, बीपी ठीक, कुणीही चार्ट भरून पुढं गेलं असतं. ही थांबली. मला म्हणाली ताई काहीतरी चुकतंय, आजोबा मघाशी नीट बोलत होते आता शब्द तोडून बोलतायत. मग तिनं त्यांच्या छातीवर हात ठेवला, घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट मोजलं, १५ सेकंद मोजून चारनं गुणलं नाही, पूर्ण मिनिट. ३० भरले, म्हणजे खूपच जास्त. मॉनिटर श्वास मोजतो तो इलेक्ट्रोडवरून, पेशंट उथळ श्वास घेत असेल किंवा हलत असेल तर चुकतो, हे तिला माहीत होतं कारण पहिल्या महिन्यात तिला शेजारी उभं करून दाखवलं होतं. डॉक्टरांना उठवलं, एबीजी म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी गेली, रक्तात जंतू आहेत का बघायला ब्लड कल्चर घेतलं, अँटिबायोटिक बदललं, इन्फेक्शन रक्तात उतरायला लागलं होतं. नवव्या दिवशी आजोबा वॉर्डात गेले. १० महिन्यांच्या पोरीनं पकडलं ते. १५ वर्षं झालेल्या कितीतरी जणी मी पाहिल्यात ज्या श्वासाच्या रकान्यात डोळे झाकून २० लिहितात. म्हणून वर्षं मोजण्यापेक्षा शेजारी उभं राहून कुणी शिकवलं का ते बघा.

आणि याच्या उलट पण चालतं. एका ठिकाणी मुलीला वर्षभर बिलिंगच्या फायली आणि डिस्चार्जची कागदपत्रं करायला बसवलं होतं, अनुभवाच्या दाखल्यावर मात्र आयसीयू स्टाफ नर्स. पैसे देऊन घेतलेले दाखले सुद्धा मी या डोळ्यांनी पाहिलेत. अशी मुलगी व्हेंटिलेटरच्या पेशंटपुढं उभी राहणार, हे चालायला नको. माझं म्हणणं आहे कौन्सिलनं आणि कॉलेजांनी नुसता दाखला घेऊ नये, लॉगबुक मागावं, किती व्हेंटिलेटरचे पेशंट सांभाळले, ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतात तसे किती हँडओव्हर दिले, कुणाच्या देखरेखीखाली, सगळं सहीनिशी.

दुसरं घोडं अडतं ते पदावर. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचं केडर, म्हणजे वेगळी पदं, उभं करायचं म्हणून लिहिलंय. पण माझ्या ओळखीतली एक हा कोर्स करून आली तर तिला परत त्याच स्टाफ नर्सच्या ड्युटीला लावलं, पगार तोच, तपासणी लिहायची परवानगी नाही, विचारलं तर म्हणे आमच्याकडं असं पदच नाही. ती आता परदेशात जायची परीक्षा देतेय. पुण्यात एवढी मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, त्यांनी डॉक्टरांना बरोबर घेऊन प्रोटोकॉल लिहावा आणि पद काढावं, किमान आयसीयूत रात्रीसाठी तरी, कारण खरी गरज रात्रीच पडते. याच पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढून बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा चांगल्या घरच्या बायकांनी हे काम करायचं नाही असंच लोक म्हणत होते.

आमच्या या मुलीला मी पहिल्या आठवड्यातच दोनशे पानी वही घ्यायला लावली होती. ड्युटी संपली की त्यात लिहायचं, कुठला पेशंट, काय केलं, काय चुकलं, आणि खाली माझी सही, मी सुट्टीवर असेन तर त्या दिवशीच्या सीनियरची. ती वही आता भरत आलीय. फॉर्म निघाले की भरायचाच आहे, वडिलांशी मी बोलते म्हटलंय तिला, रविवारी फोन करणार आहे.

आपली,
एक सिस्टर, वारजे, पुणे