उपाहारगृहाच्या प्रकाशित पाटीची पाहणी रात्रीही व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्य मुंबईतील आमच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन गाळ्यांत एक उपाहारगृह चालते. त्याच्या प्रकाशित नामफलकाचा परवाना सध्या नूतनीकरणासाठी आला असून, इमारतीच्या गच्चीवर नावाची मोठी अक्षरे उभारण्यासाठीही वेगळा अर्ज करण्यात आला आहे. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी ३१ वर्षे राहतो. जो फलक रात्री दिसावा म्हणून लावला जातो, त्याचा परवाना केवळ दिवसाच्या पाहणीवर दिला जाऊ नये, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात महापालिकेची पाहणी झाली ती सकाळी अकराच्या सुमारास. फलक बंद होता. आलेल्या कर्मचाऱ्याने टेप लावून लांबी-रुंदी घेतली, पदपथापासूनची उंची मोजली, लोखंडी चौकटीचे बोल्ट भिंतीत कोठे बसवले आहेत ते वाकून पाहिले आणि छायाचित्रे काढली. त्याने काम मन लावून केले. त्याला मी मुळीच दोष देत नाही. परंतु संध्याकाळी सातला तोच फलक पेटतो, तेव्हा आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर आधी तांबडा, मग हिरवा, मग पांढरा उजेड येतो आणि दर दोन-तीन सेकंदांनी बदलत राहतो. घड्याळाच्या काचेवर तो चमकतो, देव्हाऱ्यातल्या समईचा उजेड त्यात दिसेनासा होतो. माझ्या ८२ वर्षांच्या आईने खिडकीच्या गजांना सोलापुरी चादर बांधून घेतली आहे. त्या चादरीने उजेड थोडा अडतो, पण वाराही अडतो, आणि मे महिन्यात मुंबईत बंद खिडकीआड झोपणे म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. उपाहारगृह साडेअकराला बंद होते. फलक मात्र पुष्कळदा त्यानंतरही दोन-दोन तास चालूच असतो.

कायद्याने हा फरक फार पूर्वीच ओळखलेला आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३२८-अ नुसार, ज्या जागेत धंदा चालतो त्याच जागेवर त्या धंद्याची पाटी लावायची असेल तर आयुक्तांच्या लेखी परवानगीची गरज नाही. मात्र ती पाटी प्रकाशित असेल किंवा आकाशचिन्ह (आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक) असेल, तर ही सूट मिळत नाही. म्हणजे साध्या रंगवलेल्या पाटीला जी परवानगी लागत नाही, ती दिव्याच्या पाटीला लागते, आणि ती लागते दिव्यामुळेच. मग ज्या कारणासाठी परवानगी घ्यावी लागते, ते कारण पाहणीच्या वेळी विझलेले असेल तर त्या पाहणीतून काय कळणार? गच्चीवरची अक्षरे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणार असल्याने ती कलम ३२८ खालील आकाशचिन्ह ठरतील. अशा परवानगीची मुदत एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही, म्हणजे दर खेपेला नव्याने विचार व्हावा हेच त्यात अपेक्षित आहे.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर भागात सुमारे १२० फूट लांब व तितकाच उंच फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा जीव गेला. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. त्यानंतर फलकांच्या मापाकडे आणि मजबुतीकडे सर्वांचे लक्ष गेले, आणि ते जायलाच हवे होते. आमच्या समोरची इमारत जुनी, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) आहे, तिच्या गच्चीच्या कठड्याला तडे गेलेले खालूनही दिसतात. तेथे लोखंडी सांगाडा उभा करण्यापूर्वी संरचनात्मक तपासणी व्हावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु जो फलक पडणार नाही तो निर्धोक, एवढ्यावर विचार थांबू नये.

मराठी पाट्यांच्या बाबतीत अंमलबजावणी कशी होऊ शकते, हे आपण पाहिले आहे. देवनागरी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, ही दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीतील अट पाळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्यानंतर ठिकठिकाणी पाट्या बदललेल्या दिसल्या. आमच्या समोरच्या पाटीवरही नाव आता मराठीत ठळक आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. अक्षरांची उंची जर तपासता येते, तर त्यांचा प्रखरपणाही तपासता येईल. दादाभाई नौरोजी मार्गावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस दुकानांच्या पाट्या तेथील वारसा इमारतींच्या कमानींना शोभतील अशा मापात व जागी बसवण्याचे प्रयत्न झाले. पाटी एकटी नसते, ती भोवतालाचा भाग असते, हे तेथे मानले गेले. वारसा वास्तूंच्या बाबतीत जे मानले, ते राहत्या घरांच्या बाबतीत का मानू नये?

उपाहारगृहाच्या मालकांशी माझे वैर नाही. त्यांच्याकडची मिसळ आम्ही आवडीने खातो, आणि पावसाळ्यात झाडांच्या गर्दीत पाटी दिसली नाही तर गिऱ्हाईक पुढे निघून जाते, हे त्यांचे म्हणणे मला पटते. त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी गल्ल्यामागचा छोटा खोका उघडून दाखवला. त्यातली एक कळ फिरवली की रंग बदलायचे थांबतात आणि दुसरीने उजेड मंद होतो. आठवडाभर त्यांनी तसे ठेवलेही. पुढे नोकर बदलला आणि पुन्हा पूर्वीसारखे सुरू झाले. शेजाऱ्याच्या भिडेवर चालणारी गोष्ट अशी चार दिवसांची असते. म्हणून परवान्यावरच स्थिर उजेड, समोर घरे असल्यास मंद उजेड आणि धंदा बंद होताच फलक बंद, या अटी लिहिल्या जाव्यात. विकास नियंत्रण नियमावलीनुसार निवासी विभागातही अटींवर उपाहारगृह चालवता येते. त्या अटींच्या ओळीत या अटी सहज बसतील.

निर्णय होण्यापूर्वी संबंधितांनी एकदा रात्री नऊनंतर आमच्या पुढच्या खोलीत येऊन दहा मिनिटे बसावे, अशी माझी विनंती आहे. त्या दिवशी आम्ही खिडकीवरची चादर काढून ठेवू.

आपला,
एक रहिवासी, मुंबई