बारीक तंगुसासाठी रॉड निवडताना आधी हात पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत कोकणातील खाड्यांच्या काठी रॉड आणि रिलाने मासे गरवण्याच्या छंदावर आलेला लेख मी आवडीने वाचला. गरवणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग नसून त्यामागे कसब असते, हे त्या लेखाने वाचकांसमोर मांडले, याबद्दल आपले आभार. मात्र त्यातील एका विधानाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. बारीक तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि हलके आमिष वापरायचे असेल तर स्पिनिंग रॉडच घ्यावा, कास्टिंग रॉड हा जाड दोरी आणि मोठ्या माशांसाठीच असतो, असे लेखात म्हटले होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे विधान बऱ्याच अंशी खरे होते. आज ते तसे राहिलेले नाही, आणि या समजुतीमुळे अनेक नवशिके आपल्या हाताला जे साधन अधिक मानवले असते त्याच्या वाटेलाच जात नाहीत, असा माझा गेल्या काही वर्षांचा रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीवरचा अनुभव आहे.

दोन्ही साधनांतील फरक आधी स्पष्ट करतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकते, त्याचा स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळलेले चाक, फेकीच्या वेळी स्थिर असतो आणि तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. कास्टिंग रील रॉडच्या वर बसते, आणि फेकलेले आमिष स्वतःच्या ओढीने स्पूल फिरवत तंगूस बाहेर नेते. म्हणजे इथे आमिषाला दोन कामे करावी लागतात, स्वतः उडायचे आणि स्पूललाही फिरवायचे. स्पूल जितका जड आणि जितक्या मोठ्या व्यासाचा, तितका तो हलवणे कठीण. त्यातही व्यास वाढला की ही अडचण वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीन-चार ग्रॅमच्या आमिषाला जुन्या पद्धतीचा, दोनशे मीटर दोरीने गच्च भरलेला स्पूल फिरवता येत नसे, आणि जोर लावून फेकले की आमिष मंदावल्यावरही स्पूल फिरतच राहून बोटभर जाडीचा गुंता होत असे. अशा रिलाचा उगम अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला आणि त्याचे श्रेय जॉर्ज स्नायडर या घड्याळजीला दिले जाते. एका लहानशा चाकाने किती सहज फिरावे, हा या साधनाचा मूळ प्रश्नच घड्याळजीचा आहे, म्हणून ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. जपानमध्ये बेट फिनेस या नावाने रूढ झालेल्या पद्धतीने तोच प्रश्न नव्याने सोडवला. उथळ आणि दहा ग्रॅमच्याही आत वजन असलेला स्पूल, बारीक बेअरिंगे, चुंबकाचा किंवा केंद्रोत्सारी ब्रेक, आणि स्पूलवर साठ-सत्तर मीटरच दोरी. एवढे जमवले की ३ ते ७ ग्रॅमचे आमिष कास्टिंग रिलाने व्यवस्थित फेकता येते.

परंतु रील कितीही चांगले असले तरी रॉड चुकला तर ते वाया जाते, आणि दुकानात नेमकी हीच चूक होते. माझा पहिला कास्टिंग रॉड आठ फुटांचा होता. तो मजबूत आहे, आयुष्यभर टिकेल, असे सांगून मला विकला गेला आणि मीही मजबुतीलाच गुण समजलो. त्यावर १५ ते ४० ग्रॅम असे स्पष्ट छापलेले होते, मात्र ते वाचायचे असते हे मला ठाऊक नव्हते. पाच ग्रॅमचे आमिष लावून मी तो फेकत असे तेव्हा रॉड वाकतच नसे. सगळा जोर खांदा आणि कोपरातून द्यावा लागे, स्पूलला एकदम हिसका बसे आणि गुंता ठरलेला असे. पावसाळ्यानंतरचा पहिला हंगाम तंगूस सोडवण्यात गेला, कोपर दुखू लागले आणि वर्षभर मी खाडीवर गेलो नाही.

रॉडचे काम आमिषाच्या वजनाने मागे वाकणे आणि सरळ होताना तो साठलेला जोर हळूहळू सोडणे हे आहे. हलक्या आमिषासाठी हलक्या वजनालाही वाकणारा रॉड हवा, कारण त्याने स्पूल हिसक्याने न फिरता क्रमाने वेग घेतो. इथे पॉवर आणि ॲक्शन या दोन शब्दांची फार गल्लत होते. रॉड वाकवायला किती बळ लागते ती पॉवर, आणि तो कुठून वाकतो ती ॲक्शन. केवळ टोकाशी वाकणारा रॉड फास्ट म्हणवतो, मध्यापर्यंत वाकणारा मॉडरेट. पॉवर लाइट असूनही ॲक्शन फास्ट असू शकते. बारीक तंगुसासाठी माझी पसंती लाइट पॉवर आणि मॉडरेट-फास्ट ॲक्शन अशा, सहा ते साडेसहा फुटांच्या रॉडला आहे. निव्वळ टोकाशी वाकणारा रॉड आमिष अचूक टाकतो खरा, पण मासा अगदी पायाशी आल्यावर शेवटची उसळी मारतो तेव्हा तो धक्का रॉडऐवजी तंगुसावर येतो. विणलेली दोरी, जिला सगळे ब्रेड म्हणतात, जवळजवळ ताणतच नाही, म्हणून ती वापरणाऱ्याने तर रॉड आणखी नरम घ्यावा. त्याच्या जोडीला बारीक तारेची गरी, म्हणजे गळाचा आकडा, हवी. जाड गरी माशाच्या जबड्यात रुतवायला जो झटका लागतो तो नरम रॉड देऊ शकत नाही आणि बारीक तंगूस सोसू शकत नाही.

पॉवर आणि ॲक्शनच्या या नावांना सर्व कंपन्यांत मिळून एकच प्रमाण नाही. एकाचा लाइट दुसऱ्याचा मीडियम-लाइट निघतो. त्यामुळे मुठीच्या वर छापलेले आमिषाचे वजन वाचावे. ते बहुधा औंसात असते, तेव्हा पाव औंस म्हणजे सुमारे ७ ग्रॅम आणि आठवा भाग म्हणजे साडेतीन ग्रॅम एवढे लक्षात ठेवले की पुरते. छापलेल्या मर्यादेच्या टोकाला रॉड क्वचितच सुखावह असतो, त्याची खरी जागा मध्यावर असते. दुकानात करून पाहण्याजोगी एक साधी परीक्षाही आहे. आपल्या चलनातील पिवळसर पाच रुपयांचे नाणे साधारण ६ ग्रॅमचे असते. ते चिकटपट्टीने तंगुसाला बांधून टोकापासून वीतभर खाली लोंबू द्यावे आणि रॉड मनगटानेच हलकेच मागेपुढे हलवावा. टोकापासून निदान तिसऱ्या हिश्श्यापर्यंत रॉड वाकलेला दिसला तर तो आपल्या कामाचा, केवळ टोक थरथरले तर तो परत ठेवावा.

तंगुसाबद्दलही जाडी पाहून निर्णय घ्यावा, कारण पाण्यात माशाला जाडी दिसते आणि स्पूलवर जाडीच जागा अडवते. जपानी मोजणीत १ नंबरचा नायलॉन तंगूस ०.१६५ मिलिमीटर व्यासाचा असतो. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत पाण्याची ओढ मंदावते, खाडीचे पाणी निवळते आणि मासे बारीक कोळंबी व पिल्लांच्या मागे असतात, त्या वेळी अशा बारीक तंगुसाचा जो लाभ दिसतो तो उधाणाच्या गढूळ पाण्यात दिसत नाही. मात्र एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. कांदळवनाच्या मुळांना लागून तांबोशी गरवायला बारीक तंगूस नेऊ नये. तांबोशी गरी लागताक्षणी मुळांत शिरते, तंगूस तुटतो आणि तोंडात गरी घेऊन मासा निघून जातो. जिताड्याच्या गालफडाची कडही धारदार असते, तिथे पुढे हातभर जाड तंगूस जोडावाच लागतो. मोकळ्या पाण्यात, वाळूच्या पट्ट्यांवर, गोड्या पाण्याच्या ओहोळांत आणि तळ्यांत हलके साधन वापरणे योग्य आहे; माशाला जखमी करून सोडण्यात कसब नाही.

आता पकडीकडे वळतो, कारण आपल्या लेखात तिचा उल्लेखच नव्हता. कास्टिंग रॉडवर रील जिथे बसते त्या बैठकीखाली बोट अडकवण्यासाठी एक नख असते, त्याला ट्रिगर म्हणतात. त्याच्या पुढे किती बोटे ठेवायची यावर पकड ठरते. एक बोट पुढे ठेवले की तर्जनी रॉडच्या दांडीला टेकते, उरलेली तीन बोटे मुठीवर राहतात आणि मनगट सर्वांत मोकळे होते. हलके आमिष मनगटानेच फेकायचे असल्यामुळे फेकीच्या वेळी मला हीच पकड योग्य वाटते. दोन बोटे पुढे ठेवली की रॉडचा तोल हाताच्या मधोमध येतो, दिवसभर उभे राहणाऱ्याला ती कमी थकवते. तीन बोटे पुढे घेऊन रील तळव्यात धरण्याची पकड फेकीसाठी सैल पडते, पण तंगूस गुंडाळताना, विशेषतः तळाशी आमिष सरकवत आणताना, माशाचा अलगद स्पर्श तिच्यात उत्तम कळतो. एकच पकड धरून बसण्याचे कारण नाही. एका बोटाने फेकावे आणि आमिष पाण्यात पडल्यावर हात पुढे सरकवावा. त्यासाठी बैठक मात्र बारीक आणि रील कमी उंचीचे हवे, नाही तर लहान तळव्याच्या माणसाचा अंगठा स्पूलवर नीट पोहोचत नाही. या साधनाचा खरा ब्रेक अंगठाच असल्यामुळे तो जिथे पोहोचत नाही असा रॉड-रिलाचा जोड कितीही महाग असला तरी घेऊ नये.

उजव्या हाताने फेकणाऱ्याने आणखी एक सवय लावून घ्यावी. फेकताना मनगट आतल्या बाजूला वळवावे, म्हणजे रिलाची उजवी बाजू आकाशाकडे येते. रील सरळ वर ठेवून फेकले तर मनगट अर्ध्यातच अडते आणि कोपर कामाला लागते. माझ्या दुखण्याचे निम्मे कारण हे होते, हे मला फार उशिरा उमगले. रील डाव्या हाताने फिरवायचे घेतले तर फेकल्यावर हात बदलावा लागत नाही. हलके आमिष पुष्कळदा पाण्यात बुडतानाच मासा उचलतो, तेव्हा हात बदलण्यात गेलेला क्षण परत मिळत नाही.

मुठीच्या मागच्या भागाची लांबीही हातावरच मोजावी. रॉड फेकीच्या पकडीत धरला असता मुठीचे टोक कोपराच्या अलीकडेच संपले पाहिजे, बहुतेकांच्या बाबतीत हे माप आठ-नऊ इंच भरते. त्याहून लांब मूठ दोन हातांनी जड आमिष फेकायला उपयोगी असते, पण खालून हलकेच आमिष सोडताना ती सारखी हाताला आणि अंगरख्याला अडते. काही दशकांपूर्वी सर्रास दिसणारी आखूड पिस्तुलासारखी मूठ एका हाताच्या फेकीला वाईट नव्हती, मात्र मासा झुंजू लागला की तिला कोपराखाली आधार मिळत नाही. बुचाची मूठ हलकी आणि हाताला ऊबदार असते, आपल्या खाऱ्या दमट हवेत ईव्हीए फोमची मूठ अधिक टिकते. दोन्ही चालतील, घरी आल्यावर मूठ आणि रॉडवरील तंगूस ओवायच्या कड्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. ब्रेड वापरणार असाल तर कड्यांच्या आतील वलय कठीण मालाचे आहे ना हे पाहावे, कारण हलक्या दर्जाच्या वलयात ब्रेड खाचा पाडते.

रील लावल्याशिवाय रॉडचा तोल कळत नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत साहित्य विकणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी गिऱ्हाइकाला रील बसवून रॉड हातात घेऊ द्यावा. ट्रिगरपुढे एक बोट ठेवून तो सैल धरला असता टोक जमिनीकडे ओढत असेल तर चार तासांनी ते मनगटाला जाणवणारच. आणि आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येईल तेव्हा रॉडच्या किमतीबरोबर त्यावरील आमिषाचे वजन आणि तंगुसाची मर्यादाही छापावी. त्याच लेखात कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, म्हणून वीजवाहिन्यांखाली किंवा विजा चमकत असताना तो उभारू नये, ही सूचनाही अवश्य असावी. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात खाडीच्या तोंडाशी गरवणाऱ्यांची गर्दी असते, आणि ही गोष्ट त्यांतील अनेकांना कोणी सांगितलेली नसते.

आपला नम्र,
एक वाचक, रत्नागिरी