जुनी लोकनामे : सरसकट बदल नको, नेमका बदल हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी बातम्या मराठीत येताना 'एस्किमो', 'जिप्सी', 'रेड इंडियन' ही बाद झालेली नावे आजही सर्रास छापली जातात. शाळेत पाठ झालेले शब्द हातून आपसूक उतरतात, हे त्याचे कारण. पण संगणकावर एका फटक्यात 'एस्किमो'चे 'इनुइट' केले तर नवी चूक होते. एस्किमो म्हटले गेलेले अलास्कातले युपिक लोक हे इनुइट नव्हेत. 'रेड इंडियन'च्या जागी बातमीतल्या जमातीचे नाव द्यावे, उदा. नवाहो किंवा चेरोकी; ते कळतच नसेल तर 'अमेरिकेतले मूलनिवासी'. 'जिप्सी'ऐवजी रोमा.

कोकणावरच्या लेखांत हा घोळ जास्त खटकतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, १९१६ मध्ये तो रत्नागिरीत वारला. त्याला 'म्यानमारचा राजा' कशाला म्हणायचे? इंग्रजीतले 'बर्मा' हे अधिकृत नाव बदलले १९८९ मध्ये, आणि आपल्याकडे 'ब्रह्मदेश' हा चांगला शब्द आहेच. आजच्या बातमीत मात्र म्यानमार. भाषा बर्मीच राहते. पण तिथल्या शान किंवा करेन समाजाच्या माणसाला वंशाने बर्मी म्हणणे चूक, तो म्यानमारचा.

जंजिऱ्याच्या सिद्दींना इंग्रजी पुस्तकांवरून 'ॲबिसिनियन', म्हणजे इथिओपियाचे, म्हणणे तर थांबलेच पाहिजे. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आले, सगळे इथिओपियातून नव्हे. हा समाज आजही आपल्यात आहे आणि स्वतःला सिद्दी म्हणवतो. जुन्या कागदातले 'हबशी' किंवा 'शामळ' अवतरणात जसेच्या तसे ठेवावे. तिथे दुरुस्ती केली तर पुरावाच बिघडतो. वेंगुर्ल्याच्या वखारीचे 'वलंदेज'ही तसेच. आपल्या वाक्यात डच लिहावे, देश नेदरलँड्स, हॉलंड नव्हे. हॉलंड नावाचे त्याच्या बारा प्रांतांपैकी दोनच आहेत.

'पर्शियन'ची उसनवारी तर अगदीच अनाठायी. इराणने परदेशी सरकारांना 'इराण' म्हणा असे कळवले ते १९३५ मध्ये. मराठीत इराण आणि इराणी आधीपासून रुळलेले. भाषा तेवढी फारसी.

आपल्या संपादकीय विभागाने तीन रकान्यांची यादी करावी : आजचे नाव, जुने इंग्रजी नाव, जुन्या मराठी कागदांतले नाव. देशाचे, लोकांचे आणि भाषेचे नाव वेगवेगळ्या ओळीत असावे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आपला,
एक अनुवादक, रत्नागिरी