घोरपडीच्या रक्तातली ताकद खाऊन मिळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून घोरपड पकडली, कासव विकताना माणूस धरला अशा चार ओळींच्या बातम्या येतात आणि तिथंच संपतात, पण लोक ती घोरपड का मारतात यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी चोपडा तालुक्यातला, शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं म्हणतात, "घोरपडनं मटन खादं का अंगमा ताकद येस, रगत वाढस." पोरंही ऐकतात आणि खरं मानतात. यात अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या रक्तात खरंच काहीतरी वेगळं आहे, पण ते ताटातून आपल्या अंगात येत नाही.

वेगळं काय ते सांगतो. रक्ताच्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, त्यात लोह असतं, आणि त्या लोहाला ऑक्सिजन चिकटतो नि सुटतो. हे दिवसभर चालू असतं, पण कधीकधी ऑक्सिजन सुटताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन घेऊन पळतो. मग ते लोह गंजल्यासारखं होतं, त्या हिमोग्लोबिनला मेटहिमोग्लोबिन म्हणतात, ते ऑक्सिजन वाहूच शकत नाही, आणि जो ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन सुटला तो सुपरऑक्साइड होतो, त्यातून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि ही मंडळी पेशीचं आवरण, प्रोटीन सगळं खराब करत सुटतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. म्हणजे ऑक्सिजन वाहणारी पेशी ऑक्सिजनमुळेच धोक्यात असते, हे मुलांना सांगितलं की ती आधी विश्वासच ठेवत नाहीत.

माणसाच्या लाल पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे खराब झालेलं प्रोटीन नवीन बनवायची सोय नाही, साधारण १२० दिवसांत ती पेशी संपते. साप, कासव, घोरपड, मगर यांच्या लाल पेशी लांबट असतात आणि त्यांत केंद्रक असतं, आणि कासवांच्या काही जातींत तर त्या दीड-दोन वर्षं टिकतात असं अभ्यासात दिसलंय. इतके दिवस टिकायचं म्हणजे इतके दिवस हा मारा सोसायचा. शिवाय कासवाचं जगणंच तसं आहे, पाण्याखाली श्वास रोखायचा, ऑक्सिजन जवळजवळ संपू द्यायचा आणि वर आलं की एकदम भरून घ्यायचा. ऑक्सिजन असा अचानक परत येतो तेव्हाच सुपरऑक्साइड जास्त तयार होतो. आपल्याकडचं तळ्यातलं कासव उन्हाळ्यात तळं आटलं की चिखलात गाडून घेतं आणि पावसाची वाट बघतं, त्याला तर असले चढउतार नेहमीचेच.

आता मुद्दा हा, की पुष्कळ सरीसृपांचं हिमोग्लोबिन स्वतःच या माऱ्यापुढं उभं राहतं. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यात सिस्टीन नावाचं एक असतं, त्याच्या टोकाला गंधक. माणसाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत सहा सिस्टीन असतात आणि त्यातले दोनच बाहेरच्या बाजूला, सहज रासायनिक क्रिया करणारे. सरीसृपांत, खासकरून कासवांत, असे बाहेर आलेले सिस्टीन बरेच जास्त सापडतात. घातक ऑक्सिजन आला की हे गंधक स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन त्याला थंड करतं, मग पेशीतल्याच ग्लुटाथायोन नावाच्या एका छोट्या रेणूसोबत जोडी बांधतं, आणि नंतर पेशी ती जोडी सोडवून गंधक पुन्हा पहिल्यासारखं करते. पेशीत हिमोग्लोबिन तर ठासून भरलेलं असतं, त्यामुळे हा साठा केवढा मोठा होतो बघा. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एव्हाल्दो रायश्ल यांनी १९८६ मध्ये कासवांच्या लाल पेशीतल्या या गंधकाचा आणि कमी ऑक्सिजन सोसण्याचा संबंध आहे का हा प्रश्न मांडला, आणि त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कितीतरी प्राण्यांच्या रक्तात तो तपासला. सगळ्या जातींत हे सारखं नसतं, पण इतकं साधं उत्तर, तेही ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रोटीनमध्येच, मला फार भारी वाटतं.

पण हे हिमोग्लोबिन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, अमिनो आम्लं वेगळी होतात, जे बकऱ्याच्या कलेजीचं होतं तेच याचं. आपल्या लाल पेशीत कासवाचं हिमोग्लोबिन येऊन बसत नाही. उलट सरीसृपांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचा जुलाब-तापाचा जंतू बऱ्याचदा असतो, मटण साफ करताना नि कच्चं राहिलं तर तो आपल्याकडे येतो. आणि घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्यासाठी हीच जास्त जवळची. नंदुरबार, धुळे आणि आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आईबापाकडून येणारा आजार. त्यात हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि ते हिमोग्लोबिन आपल्यापेक्षा लवकर खराब होतं, म्हणजे त्या पोरांच्या पेशींवर हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त. काही जणांत जी सिक्स पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या पेशीत ग्लुटाथायोन परत तयार व्हायला अडचण येते, मग मलेरियासाठीची प्रायमाक्विन घेतली की पेशी फुटायला लागतात. अशा घरात पोरगं पिवळं पडलं, हातपाय दुखतात म्हटलं, की कुणीतरी घोरपड सुचवतं आणि तपासणीचे दिवस वाया जातात. अशा पोराला लोहाच्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, २०२३ पासून तर देशभर मोहीम सुरू आहे.

म्हणून विनंती एवढीच की घोरपड किंवा कासव पकडल्याची बातमी पुढच्या वेळी छापाल तेव्हा तिच्याखाली दोन ओळी टाका, की याने रक्त वाढत नाही, आणि ज्याचं रक्त कमी आहे त्याने सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. जमलं तर आठवड्याच्या पुरवणीत अहिराणीतून लिहा, आमच्याकडच्या आज्यांना ते वाचून दाखवता येईल.

आपला वाचक,
एक शिक्षक, ता. चोपडा, जि. जळगाव