ऋतूंची क्रमवारी आणि वसंताचं स्वागत: रविवारी टेकडीवर

सर्व सभासदांना नमस्कार.

यंदा पाडवा गुरुवारी, १९ मार्चला आहे. त्याआधीच्या रविवारी, १५ मार्चला सकाळी ६:३० वाजता पुण्यात वेताळ टेकडीवर, देवळापाशी जमायचं आहे.

प्रत्येकाने सहाही ऋतू आवडीच्या क्रमाने कागदावर लिहून आणावेत. पहिला आणि शेवटचा नंबर कोणाला व का, ते तीन मिनिटांत सांगायचं. ‘सगळेच छान’ हे उत्तर चालणार नाही.

माझा क्रम आत्ताच सांगते: शरद पहिला, वसंत दुसरा, ग्रीष्म शेवटी. वसंत पंचांगात चैत्र-वैशाखाचा, पण तोवर पुण्यात ऊन भाजून काढतं. पळस, पांगारा, काटेसावर तर त्याआधीच फुलून जातात. म्हणून त्याचा पहिला नंबर हुकला. आंबा ग्रीष्माच्या खात्यात टाकणाऱ्यांनी मात्र वैशाख वसंतात मोडतो हे ध्यानात घ्यावं. (भांडण होणारच, तयारीने या.)

काही सूचना:
- फुलं, पालवी तोडू नये. खाली पडलेली उचलायला हरकत नाही.
- गवत वाळलेलं आहे. विडी-सिगारेट, काडेपेटी अजिबात नको. स्पीकरही नको, कोकीळ ऐकायचा आहे.
- पन्हं आणि आंबेडाळ गटातर्फे. पेला, वाटी, चमचा घरून आणा.
- उन्हाआधी, ९ पर्यंत खाली उतरायचं.

डाळ शनिवारी रात्री भिजत घालायची आहे, तेव्हा येणाऱ्यांनी शनिवारी दुपारपर्यंत नक्की कळवा.